घरकामाच्या सामानावरचा सेल खरा असतो का? मदत हवी आहे

मंडळी, घराचं काम काढलंय आणि एका गोष्टीवर अडकलेय, तुमचा सल्ला हवाय.

बाथरूम पूर्ण नवीन करायचंय, म्हणजे टाइल्स, नळ, शॉवर, वॉटरप्रूफिंग सगळंच, आणि दोन खोल्यांना रंग. मिस्त्री आणि पेंटर दोघांकडून सामानाची यादी लिहून घेतलीये, काम सुरू व्हायला अजून अवकाश आहे आणि नेमका आत्ता जिकडे तिकडे सेल लागलाय. ४० टक्के, ५० टक्के, 'फक्त रविवारपर्यंत', 'स्टॉक असेपर्यंत'. घरातले म्हणतायत आत्ताच सगळं उचलून ठेव, भाऊ म्हणतो ड्रिलचा सेट पण अर्ध्या भावात आहे तोही घेऊन टाकू, मिस्त्री म्हणतो घाई करू नका, आणि मला कळतच नाहीये की हा डिस्काउंट खरंच आहे की आधी भाव चढवून मग उतरवून दाखवलाय.

संशय यायला कारण आहे. बाथरूमसाठी एक मिक्सर (गरम-गार पाण्याचा एकत्र नळ) आवडलाय, त्याच्यावर बरेच दिवस नजर ठेवून आहे. त्याच्या कार्डावर वरती एक आकडा खोडलेला आणि खाली लाल अक्षरात सेलचा भाव. रविवारी तो सेल संपला. नंतर जाऊन बघितलं तर बोर्ड बदललेला, आता 'क्लिअरन्स', पण खोडलेला आकडा तोच आणि खालचा भावही तोच! मग त्या वरच्या आकड्याला तो मिक्सर कधी कुणी घेतला तरी असेल का? दुकानात विचारलं तर म्हणाले कंपनीची लिस्ट प्राइस तीच आहे मॅडम. असेलही. पण ज्या भावाला वस्तू कधी विकलीच जात नाही त्या भावावरून टक्के काढायचे आणि ते एवढ्या मोठ्या अक्षरात लावायचे, हे मला पटत नाही.

टक्क्यांचा हिशोब पण किती फसवा असतो बघा. १०० ची वस्तू आधी १२५ ला लावली आणि मग '२० टक्के सूट' दिली की परत १००, म्हणजे हाती काहीच लागलं नाही. '५० टक्के + २० टक्के' वाचून आपण मनात ७० धरतो, पण होतात ६०च, कारण दुसरी सूट उरलेल्या अर्ध्यावर लागते. आणि 'एकावर एक फ्री' म्हणजे ५० टक्के हे खरं, पण दोन लागणार असतील तर. मला फटी बुजवायच्या सिलिकॉनची एकच ट्यूब लागणारे, दुसरी कपाटात वाळून जाईल.

यावर थोडं वाचलं तर कळलं की ही शंका माझ्या एकटीची नाहीये. युरोपियन युनियनमध्ये २८ मे २०२२ पासून नियमच लागू झालाय की भाव उतरवल्याची जाहिरात करायची असेल तर आधीच्या किमान ३० दिवसांतला सगळ्यात कमी भाव सांगावा लागतो. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने आल्डी या सुपरमार्केटच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की तो भाव नुसता बाजूला छापून भागत नाही, टक्केवारी पण त्याच भावावरून काढायची. म्हणजे कायदा करावा लागण्याइतकी ही जुनी खोड आहे. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेत जेसीपेनी या मोठ्या दुकानांच्या साखळीने २०१२ मध्ये सततचे सेल आणि कूपनं बंद करून रोजचाच सरळ कमी भाव लावला, तर गिऱ्हाईकच आटलं, त्या वर्षी विक्री जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घसरली आणि २०१३ मध्ये त्यांना साहेबही बदलावा लागला आणि कूपनंही परत आणावी लागली. त्यामुळे सगळा दोष दुकानदारांना द्यावा असंही वाटत नाही, आपल्यालाच खोडलेला आकडा बघितल्याशिवाय स्वस्त वाटत नाही बहुतेक.

तर विचारायचंय ते असं. कुठल्या सामानावरची सूट खरी असते आणि कुठल्यावर नुसती दिखाऊ? आत्ता घेऊन ठेवण्यासारखं काय आणि कामाच्या वेळीच घ्यावं असं काय? आणि भाव खरंच उतरलाय हे ओळखायचं कसं, कारण प्रत्येक गोष्टीवर त्या मिक्सरसारखी नजर ठेवत बसणं शक्य नाही. ज्यांनी घराचं काम केलंय किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी प्लीज सांगा, पैसे जपून वापरायचेत.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं टाइल्स आणि सॅनिटरीच्या काउंटरवर काढलीत, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

खरी सूट असते बंद झालेल्या डिझाइनवर, लॉटच्या शेवटच्या खोक्यांवर, डिस्प्लेला लावलेल्या पीसवर आणि पॅकिंग बदललं की जुन्या पॅकिंगवर. हा माल गोडाऊनची जागा अडवून बसतो, दुकानदाराला तो मनापासून घालवायचा असतो. वर्षभर हलणाऱ्या मालावरची सूट बहुतेक वेळा तुम्ही म्हणताय तशीच, बोर्ड बदलतो भाव नाही. लिस्ट प्राइस ही आमच्या धंद्यात बोलणी सुरू करायची जागा आहे हो, रोजचा कॉन्ट्रॅक्टर त्या भावाला कधीच घेत नाही. म्हणून टक्के किती हे विचारूच नका. अख्खी यादी लिहून दोन-तीन दुकानांत द्या, टॅक्स, गाडीभाडं, हमाली धरून नेट किती तेवढं विचारा आणि कागदावर घ्या. हे सेल नसताना केलं तरी पुष्कळदा सेलच्या आसपासचाच भाव मिळतो.

पण टाइल्सच्या खऱ्या सुटीतही एक गोम आहे. खोक्याच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर डिझाइनच्या नावाशिवाय शेड किंवा बॅच नंबर आणि कॅलिबर छापलेलं असतं. शेवटच्या लॉटमध्ये दोन-तीन बॅचची खोकी एकत्र करून देतात. शेडमधला फरक दुकानाच्या दिव्याखाली कळत नाही, पण भिंतीवर बसल्यावर मधोमध पट्टा दिसतो. कॅलिबर म्हणजे टाइलचं नेमकं माप, ते वेगळं असलं की मिस्त्री कितीही चांगला असो, सांधे सरळ जुळत नाहीत. तेव्हा प्रत्येक खोक्याचा स्टिकर स्वतः वाचा. सरळ बसवणार असाल तर १० टक्के जास्त घ्या, तिरकी बसवणार असाल तर १५, आणि कामानंतर चार-सहा टाइल्स जपून ठेवा, कारण बंद झालेलं डिझाइन परत मिळत नाही आणि उद्या पाइपसाठी एखादी फोडावी लागली तर पंचाईत होते.

मिक्सरचं म्हणाल तर मॉडेल नंबर पूर्ण उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. दिसायला सारखेच पण एका अक्षराचा फरक असलेले मॉडेल काही मोठ्या दुकानांसाठी वेगळे काढतात, मग दुसरीकडे भाव जुळवून बघताच येत नाही. बॉडी पितळेची आहे का जस्ताच्या मिश्रधातूची हे विचारा, कार्ट्रिज (आतला पाणी उघड-बंद करणारा भाग) सिरॅमिक आहे का आणि तो वेगळा मिळतो का हेही विचारा. याच गोष्टींत पैसे वाचवलेले असतात, खोडलेल्या आकड्यात नाही.

प्रतिसाद २

वरच्यांनी टाइल्सचं नीट सांगितलंच आहे, मी रंग आणि बाकीचं लिहिते, आमचं काम नुकतंच झालंय.

सिमेंट, टाइल अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट (टाइल्सचे सांधे भरायचा मसाला), वॉटरप्रूफिंगची केमिकल्स आणि सिलिकॉनसारखं सीलंट आत्ता अजिबात घेऊन ठेवू नका, कितीही सूट असली तरी. सिमेंट पडून राहिलं की हवेतला ओलावा धरतं आणि ताकद कमी होते, तीन महिन्यांपेक्षा जुनी पिशवी तपासल्याशिवाय वापरू नये असंच सगळे सांगतात. सीलंटच्या ट्यूबवर तारीख असते आणि सेलच्या टोपलीत पुष्कळदा ती जवळ आलेली असते, जुनं सिलिकॉन नीट सुकतच नाही, चिकट राहतं. आधी तारीख बघायची, मग भाव.

रंगात डब्याचा भाव बघूच नका, एका कोटला लिटरमागे किती जागा झाकतो ते बघा, डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. समजा एक रंग लिटरमागे १२ चौरस मीटर जातो आणि सेलमधला ८, तर सेलमधला एक तृतीयांशाने स्वस्त असेल तेव्हा कुठे दोघं सारखे झाले. वर त्याला तिसरा कोट द्यावा लागला तर रंगही वाढला आणि पेंटरची मजुरीही. आणखी एक, सूट बऱ्याचदा पांढऱ्या रंगावर किंवा नुसत्या बेसवर (शेड मिसळण्याआधीच्या रंगावर) असते, तुमची शेड मशीनवर बनवायचे पैसे वेगळे, आणि गडद शेडला रंगद्रव्य जास्त जातं. बनवलेली शेड परत घेत नाहीत, म्हणून शेड भिंतीवर लावून पक्की केल्याशिवाय मोठा डबा घेऊ नका.

ड्रिलच्या सेटबद्दल भावाला सांगा, '२० व्होल्ट मॅक्स' बघून भुलू नकोस, १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स एकच बॅटरी असते. आत बॅटरीचे पाच छोटे सेल (घट) असतात, पूर्ण चार्ज केल्या केल्या २० भरतात आणि कामाला लागले की १८, फरक फक्त लिहिण्याचा. खरा फरक अ‍ॅम्पिअर-अवरमध्ये, म्हणजे बॅटरी किती वीज साठवते त्यात असतो, सेलच्या सेटमध्ये दीड किंवा दोनची लहान बॅटरी टाकलेली असते आणि बाहेर चार किंवा पाचची मोठी वेगळी घ्यायला गेलं की सेटवरची सगळी बचत तिथेच जाते. आणि 'फक्त मशीन' लिहिलंय का बघा, त्यात बॅटरी-चार्जर काहीच येत नाही. घरी चार भोकं पाडायची असतील तर वायरचं ड्रिल पुरतं.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मिक्सरचा पूर्ण नंबर उतरवून आणला, शेवटी खरंच एक जादा अक्षर आहे आणि बॉडी कशाची हे काउंटरवर कुणालाच सांगता आलं नाही, त्यामुळे तो आता यादीतून गेला. केमिकल्स आणि सिमेंट कामाच्या आठवड्यात घेणार. रंग शेड ठरल्यावर. ड्रिलचं भावाला वाचून दाखवलं, त्याने वायरचं घ्यायचं कबूल केलंय.

टाइल्सचा मात्र अजून निर्णय होत नाहीये. आवडलेलं डिझाइन खरंच बंद होतंय, दुसऱ्या दुकानातही तेच सांगितलं आणि तिथे भाव बराच जास्त आहे, म्हणजे ही सूट खरी दिसतेय. फक्त माझ्याकडे ठेवायला जागा नाही. दुकानदार म्हणतो थोडा अ‍ॅडव्हान्स भरा, सेलच्या भावात माल धरून ठेवतो, काम निघालं की न्या. दादा, तुम्ही काउंटरवर होतात म्हणून विचारते, असं करावं का?

प्रतिसाद १

करा, पण नुसत्या शब्दावर नको. पावतीवर डिझाइनचं नाव, शेड नंबर, कॅलिबर, खोकी किती, एका खोक्यात जागा किती भरते, ठरलेला भाव आणि कुठल्या तारखेपर्यंत ठेवणार हे सगळं लिहून घ्या, आणि त्या शेडचा माल नाही मिळाला तर अ‍ॅडव्हान्स परत, ही ओळ पण घाला. खोकी तुमच्यासमोर बाजूला काढून त्यावर नाव टाकायला सांगा, स्टिकरचे फोटो काढून ठेवा. गोडाऊनमध्ये रोज माल हलत असतो, तुमची खोकी चुकून दुसऱ्याच्या गाडीत चढली तर तेच फोटो दाखवता येतील. आणि माल उतरवून घेताना गाडी उभी असतानाच स्टिकर परत ताडून बघा, मिस्त्रीने एकदा टाइल लावली की कुठलंच दुकान परत घेत नाही.