शब्दचर्चा : 'उत्पादन नियंत्रण' यातलं नियंत्रण म्हणजे नेमकं काय?

खतावणी

आमच्या मशीनशॉपमध्ये नव्याने लागणाऱ्या मुलांसाठी मराठीत एक पुस्तिका लिहितो आहे. इंग्रजी पुस्तिका आहे, पण ती कपाटातून बाहेर येत नाही. पहिलंच प्रकरण 'प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल'. त्याला पाठ्यपुस्तकी मराठी तयार आहे : उत्पादन नियोजन व नियंत्रण. 'नियोजन' मला पटतं. त्यात 'युज्' धातू आहे, जोडणे, जुंपणे. बैलाच्या मानेवरचं जू त्याच कुळातलं. कोणतं काम कोणत्या मशीनला जुंपायचं हे ठरवणं म्हणजे नियोजन, चपखल बसतं.

अडतो तो 'नियंत्रण'शी. मराठी कानाला नियंत्रण म्हणजे आवर घालणं. आग नियंत्रणात आली, रक्तदाब नियंत्रणात आहे, भाडे नियंत्रण कायदा. खेड्यात तर रेशनच्या दुकानालाच 'कंट्रोल' म्हणतात, कंट्रोलची साखर, कंट्रोलचे गहू. मी मसुदा एका आयटीआयच्या मुलाला वाचायला दिला तेव्हा त्याने सरळ विचारलं, "म्हणजे सर, ठरल्यापेक्षा जास्त माल काढायचा नाही का?" चूक त्याची नाही, शब्द त्याला तेच सांगत होता. संस्कृतातही तसंच आहे. 'यम्' म्हणजे आवरणे, धरून ठेवणे. 'यंत्र' त्यातूनच आलं आणि नियंत्रणही.

मग इंग्रजी 'कंट्रोल' कुठून आला ते पाहिलं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'काँत्रारोतुलुस' असा शब्द होता. 'रोतुलुस' म्हणजे गुंडाळी, हिशेबाची गुंडाळी. 'काँत्रा' म्हणजे समोरची. एकाने हिशेब लिहायचा, दुसऱ्याने त्याची प्रत ठेवायची आणि दोन्ही समोरासमोर धरून पाहायच्या. कंट्रोल म्हणजे मुळात दोन वह्यांचा ताळा! आपल्याकडे 'नियंत्रक व महालेखापरीक्षक' या पदात जो 'नियंत्रक' आहे तो याच अर्थाचा. तो खर्च हाताने थोपवत नाही, हिशेबाला हिशेब लावून पाहतो.

आणि शॉपमध्ये आम्ही रोज हेच करतो. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० वजा केली की उरतात ४३०. त्या पाळीत २१५ नग हवेत, म्हणजे दर दोन मिनिटांना एक, तासाला ३०. मशीनशेजारी पाटी असते. दोन तासांनी पाटीवर 'हवेत' या रकान्यात ६० आणि 'झाले' या रकान्यात ४८. फरक १२. इन्सर्ट (हत्याराची कापणारी टोकं) लवकर झिजले, की कास्टिंगचा लॉट कडक आला, की गेज दुसऱ्या लाईनवर नेलं होतं? तो फरक दुपारी नाही तर आत्ता कळणं, याला मी उत्पादन नियंत्रण म्हणतो. आणि म्हणून माझा प्रस्ताव : 'उत्पादनाचा ताळा'. ताळा, पडताळा, ताळेबंद हे सगळे शब्द घरातले आहेत. बाकीच्यांचं काय मत?

पाटीपेन्सिल

पॉलिटेक्निकला हा विषय शिकवतो, म्हणून लगेच लिहितोय. 'ताळा' आवडला. पण तुमच्या पुस्तिकेत याहून मोठा खड्डा पुढच्या पानावर आहे. या विषयात चार पायऱ्या शिकवतात : राऊटिंग, शेड्यूलिंग, डिस्पॅचिंग, फॉलोअप. पैकी फॉलोअपला 'पाठपुरावा' इतका सुंदर शब्द आहे की इंग्रजीनेच आपल्याकडून घ्यावा. राऊटिंग म्हणजे नग कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनवर जाणार तो मार्ग. शेड्यूलिंग म्हणजे कधी.

गडबड डिस्पॅचिंगची. या विषयात त्याचा अर्थ : ठरलेलं काम प्रत्यक्ष सुरू करायचा हुकूम शॉपला देणं. जॉब कार्ड (काय काम करायचं ते लिहिलेलं कार्ड), ड्रॉइंग आणि माल मशीनपर्यंत पोचवणं. पण आपल्या कोणत्याही कारखान्यात 'डिस्पॅच' म्हटलं की तयार माल, गेट, चलन, ट्रक. 'प्रेषण' हे भाषांतर तर ट्रकच डोळ्यांपुढे आणतं. दरवर्षी वीसेक उत्तरपत्रिकांत मुलं डिस्पॅचिंगखाली पॅकिंग आणि वाहतूक लिहितात. हुशार मुलंसुद्धा, कारण ती सुट्टीत कारखान्यात जाऊन आलेली असतात आणि तिथे तेच ऐकलेलं असतं. मला गुण कापावे लागतात आणि दर वेळी वाईट वाटतं. याला शब्द सुचवा कोणीतरी.

फलाट_क्रमांक_३

'नियंत्रण' इतक्या लवकर मोडीत काढू नका. एसटी स्टँडवर जा. खिडकीत बसतो तो वाहतूक नियंत्रक. तो गाडी चालवत नाही, तिकीट फाडत नाही. कोणती गाडी किती वाजता लागायला हवी होती आणि कधी लागली, हे तो लिहितो. कोल्हापूरहून येणारी गाडी वाटेत बिघडली तर उभी असलेली दुसरी गाडी त्या फेरीला लावतो आणि भोंग्यावरून प्रवाशांना सांगतो. मराठी माणसाने हा नियंत्रक लहानपणापासून पाहिलाय. तुमच्या मुलाला 'शॉपमधला एसटीचा कंट्रोलर' म्हणून सांगा, एका वाक्यात समजेल.

शिवाय तुमच्या 'ताळ्या'त एक उणीव आहे. ताळा फरक दाखवतो आणि थांबतो. १२ नग मागे आहेत हे कळलं, पुढे काय? ज्याने फक्त लिहून ठेवलं तो कारकून. दुसरी गाडी लावली तो नियंत्रक.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत या विषयाचं नाव 'प्रोडुक्त्सिओन्सप्लानुंग उंट श्टॉयरुंग'. पहिला शब्द उत्पादन नियोजन. दुसरा 'श्टॉयरुंग', तो 'श्टॉयर्न'वरून, म्हणजे सुकाणू धरणे. त्यांच्याकडे 'कोंट्रोले' हा शब्दही आहे, पण तो तपासणीसाठी. गाडीत तिकीट तपासतात ती 'कोंट्रोले'. म्हणजे खतावणींचा ताळा हा जर्मनांचा कोंट्रोले, आणि फलाटवाल्यांची दुसरी गाडी हे श्टॉयरुंग. इंग्रजीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबलेत आणि आपण तो गठ्ठा 'नियंत्रण' म्हणून उचलला. 'सुकाणू' आपल्याकडे अरबीतून आला, कोकणच्या बंदरांत मुरला. तो वापरायला काय हरकत?

जाता जाता : पाळीतली उपलब्ध मिनिटं भागिले हवे असलेले नग, या दोन मिनिटांच्या हिशेबाला जगभर 'टाक्ट टाइम' म्हणतात. 'टाक्ट' जर्मन, अर्थ संगीतातला ताल. पोलंडमध्ये तर वेळापत्रकाला 'हार्मोनोग्राम'च म्हणतात. कारोल आदामियेत्स्की या अभियंत्याने १८९६ मध्ये कामांचा असा तक्ता मांडला, हेन्री गँट यांच्या तक्त्याच्या बऱ्याच आधी. आपल्याकडे तालाची एवढी समृद्ध भाषा असताना आपण 'टॅक्ट टाइम' म्हणत बसतो.

खतावणी

श्टुटगार्टकर, टाक्टला मी आधी 'ठेका' लिहिलं होतं. तबल्याच्या दृष्टीने अगदी बरोबर. पण कारखान्यात 'ठेक्यावरची मुलं' म्हणजे कंत्राटी कामगार, आणि 'ठेका बदलला' हे वाक्य वाचून निम्म्या शॉपच्या पोटात गोळा येईल. म्हणून 'ताल' ठेवला आहे : "या लाईनचा ताल दोन मिनिटांचा."

असाच फसवा शब्द 'बिल ऑफ मटेरियल'मधला बिल. एका भाषांतरकाराने मला 'सामग्री देयक' करून दिलं होतं. देयक म्हणजे पैसे मागणारं बिल, इथे बिल म्हणजे यादी. एका पंपाला केसिंग एक, इंपेलर एक, बेअरिंग दोन, बोल्ट आठ, अशी. लग्नाची याद करतो तशी ही पंपाची याद. मी 'साहित्ययादी' लिहिलं आहे.

फलाटवाले, तुमचा आक्षेप मान्य. ताळा अपुरा आहे.

बीम_आणि_कांडी

इचलकरंजीहून. आमच्याकडे साच्यावरचा (मागावरचा) बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, संपत आला की नवा बीम तयार हवा, नाहीतर साचा उभा राहतो. त्यासाठी सूत सायझिंगला, म्हणजे खळ लावायला, आधी गेलेलं पाहिजे, त्याआधी सूत आलेलं पाहिजे. तुम्ही याला लीड टाइम म्हणता. त्याचं 'आघाडीचा काळ' असं काही करू नका, निवडणुकीची बातमी वाटेल. आम्ही एवढंच विचारतो, "किती दिवस आधी टाकायचं?" चकलीची भाजणी दळून आणायची ती तळणाच्या दिवशी नाही, हे घरोघरी माहीत असतं. हिशेब उलटा करायचा, शेवटाकडून सुरुवातीकडे.

वाढपी

नियंत्रण म्हणजे आवर घालणं हा अर्थ तुम्ही सगळ्यांनी चुकीचा धरून सोडून दिलाय. मला वाटतं, या विषयाचं अर्ध मर्म तिथेच आहे. फक्त आवर कशाला घालायचा हे नीट सांगायला हवं.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक साधं नातं सिद्ध केलं. शॉपच्या जमिनीवर सरासरी ६०० अर्धवट नग पडलेले असतात आणि रोज २०० बाहेर पडतात, तर प्रत्येक नग आत सरासरी तीन दिवस अडकतो. मशीनचा वेग तोच ठेवून जमिनीवरचा माल ३०० वर आणलात, तर तोच नग दीड दिवसात बाहेर. आपल्याकडे उलटं होतं. गिऱ्हाईक ओरडतं, म्हणून प्लॅनिंगवाला आणखी कार्डं आत ढकलतो, बिनमध्ये बिन अडकतात आणि सगळंच उशिरा निघतं. आवर घालायचा तो इथे, नवं काम आत घेण्याला. उत्पादनाला नव्हे. तुमच्या त्या मुलाने 'जास्त माल काढायचा नाही का' असं विचारलं ना? पुढच्या मशीनला नको असलेला माल खरंच काढायचा नाही! त्याचा प्रश्न बरोबर होता.

टोयोटाचे ताईची ओनो यांनी जी कानबान पद्धत उभी केली, ती हाच आवर. 'कानबान' म्हणजे जपानीत दुकानाची पाटी. पुढच्या टेबलाने माल वापरला की कार्ड मागे येतं, ते आल्याशिवाय मागच्याने नवा नग करायचा नाही. जेवढी कार्डं, तेवढाच माल. आम्ही केटरिंगवाले हे पंगतीत करतोच. वाढप्याच्या हातात मोकळं भांडं दिसल्याशिवाय आचारी पुढचा घाणा सोडत नाही. मोकळं भांडं हेच कार्ड.

अनुशेषवाला

छोटीशी पुरवणी. बॅकलॉगला 'अनुशेष' लिहू नका. महाराष्ट्रात दांडेकर समितीपासून, म्हणजे १९८४ पासून, अनुशेष म्हटलं की विदर्भ, मराठवाडा, सिंचन, रस्ते. शॉपमध्ये 'बाकी' म्हणतात : "कालची बाकी किती?" पुरेसं आहे.

खतावणी

वाढपी, तुम्ही माझा धागा उलटा करून दाखवलात आणि मला तो पटला आहे. आज सकाळी त्या मुलाला बोलावून सांगितलं की त्याचा प्रश्न बरोबर होता, उत्तर मी अर्धवट दिलं होतं.

प्रकरणाचं शीर्षक 'उत्पादन नियोजन व नियंत्रण' असंच ठेवतो, त्याला पुढे परीक्षांतही तेच भेटणार आहे. पण पहिला परिच्छेद असा लिहिला आहे :

"कोणतं काम कोणत्या मशीनवर, कधी, हे आधी ठरवतो ते नियोजन. नंतर दर तासाला पाटीवर ताळा बघतो. फरक दिसला की काम दुसऱ्या मशीनवर वळवतो किंवा अडलेलं मोकळं करतो. आणि पुढच्या मशीनला जेवढं हवं त्याहून जास्त काम आत घेत नाही. या तिन्हींना मिळून नियंत्रण म्हणतात. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर आठवा."

सुकाणू मनात होतं, पण आमच्याकडची बरीच मुलं घाटावरची आहेत. कंट्रोलर त्यांना जवळचा.

पाटीपेन्सिल सरांच्या डिस्पॅचिंगला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

पाटकरी

नगर जिल्ह्यातला आहे, कालव्याच्या पाण्यावर वाढलो. पाटबंधारे खातं धरणातून पाणी 'सोडतं'. उन्हाळी आवर्तन सोडलं, चारीला पाणी सोडलं. पाणी साठलेलं असतं, पाळी ठरलेली असते, पण सोडेपर्यंत शेतात काही होत नाही. डिस्पॅचिंग म्हणजे नेमकं हेच ना? प्लॅन तयार आहे, माल स्टोअरमध्ये आहे, आता शॉपमध्ये सोडा. 'काम सोडणे' म्हणा.

पाटीपेन्सिल

पाटकरी, 'सोडणे' अगदी बरोबर, मी इतकी वर्षं शोधत होतो ते क्रियापद हेच. फक्त 'काम सोडलं' म्हटलं की नोकरी सोडली असं होतं. 'कार्ड सोडणे' केलं तर? "आज सकाळी लेथला चार कार्डं सोडली." वाढप्यांच्या कार्डाशीही जुळतं.

खतावणी

'कार्ड सोडणे' घेतलं. पान सातवर घातलं आहे.