फवारणी पंपाच्या बॅटरीनं पाण्यातले जंतू मरतात काय?

प्रश्न (दर्यापूर तालुका)
राम राम मंडळी. आमचं गाव खारपाणपट्ट्यात. नळ आठ-दहा दिवसांनी येते. बारावीतल्या पोट्ट्यानं टॉर्चच्या जुन्या सेलातल्या काळ्या कांड्या काढल्या, फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी जोडली अन् बोअरच्या पाण्याच्या बादलीत सोडल्या. म्हणते, "बाबा, करंटनं जंतू मरतात." दोन्ही कांड्यांवर बुडबुडे, अन् एकीपाशी चक्क टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास! आधी खिळे लावले होते तं पाणी गेरूसारखं झालं. त्याची माय तेव्हा जे बोलली ते इथं लिहीत नाही. हे पाणी प्यावं का?

उत्तर १ (निवृत्त मास्तर, वर्धा)
करंटनं जंतू मरतात, पण इतक्याशानं नाही. 1967 मध्ये सेल आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी विजेचे जोरदार झटके देऊन ते दाखवलं होतं. झटक्यानं जंतूच्या पडद्याला भोकं पडतात. पण जंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणून सेंटीमीटरला दहा-वीस हजार व्होल्ट लागतात, तेही सेकंदाच्या लाखाव्या हिश्शापुरते. तुमच्या कांड्यांत वीतभर अंतर धरलं तर सेंटीमीटरला जेमतेम अर्धा व्होल्ट. त्यानं जंतूला गुदगुल्यासुद्धा होणार नाहीत!

वासाचं कारण तुमचं खारं पाणी. त्यातल्या मिठाचा क्लोरीन अधिकच्या कांडीवर सुटतो, मारतो तो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जंतुनाशक द्रावण याच रीतीनं करतात. खिळा मात्र स्वतःच विरघळतो, म्हणून गेरू. फिल्टर विकणारे दोन सळया बुडवून "बघा तुमचं पाणी" करतात ना, तीच गंमत.

उत्तर २ (जलसुरक्षक, अकोला जिल्हा)
भाऊ, वासावर भरोसा नको. ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून) करा, क्लोरीन किती ते कळते; रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. जंतू तपासायला एच टू एसची बाटली पाण्यानं भरून ठेवा; काळी पडली का पाणी खराब. कांडीची काजळी उतरते ते वेगळंच, अन् खारेपण तं जातच नाही. बादली झाकू नका, हायड्रोजन निघते. घरच्या 230 व्होल्टच्या लायनीवर हा खेळ चुकूनही करू देऊ नका.

प्रश्नकर्ता
ग्रामपंचायतीतून ओटी किट आणली. नळाच्या पाण्याला फिकट पिवळा रंग, बादलीच्या पाण्याला गडद नारंगी! पोट्टं खूश. पाणी मोरीत ओतलं. पण पंपाची बॅटरी बसली, अन् उद्या तुरीवर फवारणी हाय.