बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू होतं, व्हॅक्यूम पॅकिंगने फरक पडेल का?

बचतगट_माण
नमस्कार. दहिवडी भागातला महिला गट आहे. बाजरी दळून १ किलोच्या पाकिटांत पुण्या-मुंबईला जाते, भोगीच्या तोंडावर मागणी जास्त. ताज्या पिठाची भाकरी गोड लागते, पण आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं, उग्र वास येतो आणि पाकिटं परत येतात. धान्य नवं, निवडलेलं, कीड नाही. पिठात औषध-बिषध काही मिसळायचं नाही. व्हॅक्यूमचं मशीन घ्यावं का? आणि पाकिटावर ‘रक्तवाढीसाठी’ असं छापलं तर चालेल का?

अन्नतंत्र_कराड
मशीनचे पैसे सध्या राहू द्या. बाजरीत तेल ५ टक्क्यांच्या आसपास असतं, ज्वारीत २ टक्क्यांहून कमी. बाजरीचा दाणा बारीक, पण त्या मानाने कोंब मोठा, आणि तेल मुख्यतः कोंबात. दाणा अख्खा आहे तोवर तेल आणि लायपेज नावाचं विकर (एन्झाइम, तेल फोडणारा घटक) एकमेकांपासून दूर असतात. दळलं की दोन्ही एकत्र येतात, तेल फुटतं, मोकळी आम्लं तयार होतात आणि पीठ कडू लागतं. या क्रियेला ऑक्सिजन लागतच नाही. म्हणून व्हॅक्यूम केलं तरी कडूपणा येणार. फक्त पुढचा खवट वास थोडा लांबेल.

इलाज दळण्याआधी करायचा, दाण्यावर. १० लिटर पाणी खळखळ उकळवा. २ किलो धुतलेली बाजरी सुती कापडात सैल बांधून त्यात बुडवा, हलवत राहा आणि २०-३० सेकंदांत बाहेर काढा. एका वेळी जास्त धान्य घातलं तर पाणी थंड पडतं आणि विकर मरत नाही. उलट दोन-तीन मिनिटं ठेवलं तर दाणा उकलतो, चिकट होतो. बाहेर काढल्या काढल्या कापडावर पातळ पसरा. ढीग ठेवला तर आतला दाणा वाफेवर शिजत राहतो. मग कडक उन्हात पूर्ण वाळवा. दाताखाली ‘कट्’ आवाज करून फुटला पाहिजे. दबला तर अजून ऊन द्या. अशा बाजरीचं पीठ साधारण महिनाभर टिकतं.

चक्कीवाला_वडूज
कराडकरांचं बरोबर आहे, पण हे काम पावसाळ्यात करायला जाऊ नका. ओल राहिली तर कडूपणा परवडला, बुरशी नको.

चक्कीकडेही बघा. पाळी (चक्कीचे दगड) घट्ट लावून एका दमात बारीक दळलं की पीठ हाताला चटका देतं. ते तसंच पिशवीत भरलं की आत घाम सुटतो, गुठळ्या होतात. सुती कापडावर तीन-चार तास पसरून गार करा, मगच भरा. आदल्या दळणाचं पीठ पेटीत, नळीत अडकलेलं असतं. पहिलं किलोभर पीठ बाजूला काढा, पाकिटात नको. डब्यात जुन्या पिठावर नवं ओतायची सवय तर मोडाच. आणि पारदर्शक पिशवी दुकानात उजेडात टांगली जाते. जाड, उजेड न लागणारी पिशवी घ्या.

आणखी एक, गरम पाण्यातून काढलेल्या बाजरीच्या पिठाची विरी (चिकटपणा) थोडी कमी होऊ शकते, भाकरी थापताना कडा चिरतात. पीठ उकळत्या पाण्याने मळायचं, ही ओळ पाकिटावर घाला. माझ्या मते तर मागणी घेऊन आठवड्याला दळणं सगळ्यांत स्वस्त.

बचतगट_माण
पाण्याऐवजी कढईत भाजून चालेल का?

अन्नतंत्र_कराड
ट्रे असलेला ड्रायर असेल तर १०० अंशांवर २ तास कोरडी उष्णता चालते. कढईत सारखं तापत नाही; काही दाणे करपतात, काही कच्चे राहतात. कच्च्या राहिलेल्यांतलं विकर सगळं पीठ बिघडवायला पुरतं.

आहार_मिरज
‘रक्तवाढीसाठी’ छापू नका. तो आरोग्याचा दावा होतो आणि सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. १०० ग्रॅम बाजरीत लोह साधारण ६ मिलिग्रॅम, ज्वारीत ४. बाईची दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅम, आणि बाजरीतल्या फायटेट या लोह अडवणाऱ्या घटकामुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. लोह जास्त असलेलं वाण हवं असेल तर ‘धनशक्ती’ मागा. ते २०१२ साली महाराष्ट्रात आलं. पाकिटामागे दावा छापण्यापेक्षा खाण्याची रीत छापा: भाकरीसोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा पेरू, चहा जेवणानंतर किमान तासाभराने. आपल्याकडे भाकरी संपते न संपते तोच कप पुढे येतो, तिथेच लोह वाया जातं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली (गरोदरपणात ११ च्या खाली) असेल तर भाकरीवर भागत नाही, आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

चक्कीवाला_वडूज
कडू पीठ दरवेळी तेलाचंच असेल असं नाही. फुलोऱ्यात पाऊस लागलेल्या रानातल्या बाजरीत काळपट-तपकिरी लांबट गाठी दिसल्या तर ते अरगट, म्हणजे कणसावरची विषारी बुरशी. खाल्ल्यास उलट्या, गरगरणं, गुंगी. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात धान्य ढवळा, गाठी वर तरंगतात. त्या काढून जाळा, खाली राहिलेलं धान्य तीन-चार पाण्यांनी धुऊन वाळवा. तरंगलेलं कोंबड्यांना-गुरांनाही घालू नका.