मेळघाटातले आठ दिवस: श्रद्धा सेवेतून मिळते का?

सदरची_लेक
आमच्या चर्चच्या युवक संघाची बारा जणांची मिशन ट्रिप नुकतीच मेळघाटात जाऊन आली. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत धारणीच्या पुढचं एक कोरकू गाव.

बाबा कोरोनात गेले तेव्हापासून माझी प्रार्थना ओठांवरच राहायची. दर रविवारी उपासनेला बसायचे, गीतं म्हणायचे, आत काही हलायचं नाही. तिथे तिसऱ्या दिवशी गावातल्या आशाताईंनी (आशा आरोग्यसेविका) माझ्या हातात दंड मोजायची पट्टी दिली. दीड वर्षाची पोर. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली पट्टी लाल असते, म्हणजे तीव्र कुपोषण, आणि ती लालवरच थांबली. आशाताई, मी, पोर आणि तिची आई, जीपनं धारणीच्या सरकारी रुग्णालयात गेलो. घाटभर पोरीनं माझं बोट धरून ठेवलं होतं. माझ्या तोंडून आपसूक प्रार्थना निघाली, बाबांच्या नंतर पहिल्यांदाच मनापासून. त्या रात्री भांडी घासताना आम्ही गात होतो आणि मला रडू येत होतं, आनंदाचं.

मला वाटतं, बाकावर बसून हरवलेली श्रद्धा हात कामात असतानाच परत सापडते. तुम्हाला काय वाटतं?

धरमपेठचा_वाचक
ताई, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तरी बोलतोच. भूक आणि आजार असलेल्या घरी धर्माच्या नावाची जीप का जावी? तिथला माणूस तुम्हाला ‘नको’ म्हणूच शकत नाही. घटनेचं कलम 25 धर्मप्रसाराचा हक्क देतं, मान्य. पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1977 मध्येच सांगितलंय. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 पासून हेमलकशात आहेत. त्यांना कुठल्या धर्माची पाटी लागली नाही.

सदरची_लेक
@धरमपेठचा_वाचक दादा, एकही पत्रक वाटलं नाही, कुणाला प्रार्थनेला बोलावलं नाही. निघण्याआधीच तसं ठरलं होतं. आमची प्रार्थना आमच्या खोलीत व्हायची.

धरमपेठचा_वाचक
पत्रक नसलं तरी ‘मिशन’ हा शब्द तुमच्याआधी गावात पोचतो. तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण गावाला काय वाटलं ते तुम्ही विचारलं का?

हिस्लॉपचा_माजी_विद्यार्थी
माझी तक्रार उलटी आहे. खोलीत दार लावून प्रार्थना करायची, तर मिशन ट्रिप म्हणू नका, समाजसेवा शिबिर म्हणा. मत्तय 28:19 मध्ये प्रभूनं ‘जा, शिष्य करा’ म्हटलंय. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. शाळा काढल्या, विदर्भातले दगड आणि जीवाश्म अभ्यासले आणि शुभवर्तमानही सांगितलं. 1863 मध्ये टाकळघाटाजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. एका हातानं सेवा करताना त्यांनी दुसऱ्या हातानं तोंड झाकलं नाही. लाज वाटावी असं आपल्याकडे आहे काय?

सदरची_लेक
लाज मुळीच नाही. त्याच मत्तयात 25:40 आहे: माझ्या या लहानातल्या लहान भावासाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत. जीपमध्ये मला येशू सांगावा लागला नाही. तो माझं बोट धरून बसला होता, असंच मला वाटलं.

मेडिकलची_सिस्टर
पोरी, रागावू नको. मी धारणी तालुक्यात सहा वर्षं नर्स होती. चर्चची पोरं येत, कॉलेजची येत, मोठ्या संस्थांची येत. आठ दिवस लेकरांना कडेवर घेत. लेकरं लागून जात, अन् गाडी गेली की दोन दिवस रस्त्याकडं पाहत बसत. तुला खुशी झाली, चांगलंच झालं. पण त्या पोरीचा दंड पुढच्या महिन्यात कोण मोजते? पावसाळ्यात नाले भरतात, घरात धान्य नसते, लेकरं तेव्हाच जास्त जातात. तेव्हा काहून येत नाही कोणी? देवाचा विषय माझा नाही, मी येणाऱ्याच्या तारखा पाहते.

सदरची_लेक
सिस्टर, दोन दिवस उत्तर सुचलं नाही. दर रविवारी चर्चमधून निघाले की आशाताईंना फोन करते. पोर रुग्णालयातून घरी आलीय. पट्टी अजून लालवरच आहे, पण पाच मिलिमीटर वर सरकली. मी ऑफिसात आषाढातल्या रजेचा अर्ज टाकलाय. आठ दिवसांत मिळालेला आनंद खरा होता, तो मी नाकारणार नाही. तो तिथेच संपवायचाही नाही.

मेडिकलची_सिस्टर
ये मग. पण बारा जणांचा घोळका आणू नको, एकटीच ये. आधी आशाताईंना विचार, त्या हो म्हणतील तरच. गमबूट घे अन् आठ दिवस नाही, महिना काढ. मंग इथंच लिही, खुशी राहिली का ते.

धरमपेठचा_वाचक
मीही वाचेन.