मदत हवी आहे : ग्रीकमधील मध्यम प्रयोग आणि आपले आत्मनेपद
हान कांग यांची ‘ग्रीक लेसन्स’ ही कादंबरी (मूळ कोरियन, २०११) मी इंग्रजी अनुवादातून वाचत आहे. वाचा गेलेली एक स्त्री आणि दृष्टी हळूहळू गमावत चाललेले तिचे प्राचीन ग्रीकचे शिक्षक सोलमधील एका वर्गात भेटतात, एवढेच कथानक. परंतु क्रियेचा परिणाम कर्त्याकडेच परततो असे दाखवणारा ग्रीकमधील मध्यम प्रयोग त्यात आला आणि तिथे मी अडखळलो. संस्कृतमध्ये ‘यजति’ म्हणजे दुसऱ्यासाठी यज्ञ करतो आणि ‘यजते’ म्हणजे स्वतःसाठी, हे शाळेत (केवळ गुणांसाठी) घोकलेले आत्मनेपद त्याच्या कितपत जवळचे आहे? दोन्ही भाषांच्या जाणकारांनी एखाद्या ग्रीक धातूच्या उदाहरणासह समजावून सांगावे, ही विनंती.