मॅचलॉक म्हणजे ठासणीची बंदूक?

बोरू:
1857-58 मध्ये दक्षिण मराठा संस्थानांत झालेल्या हत्यारबंदीवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. देसाई-इनामदारांच्या वाड्यांतून जमा केलेल्या 'मॅचलॉक'ना 'ठासणीची बंदूक' म्हटलं, तर संपादक नको म्हणतात. का?

दख्खनी:
कारण तोड्याची (पेटत्या सुताच्या दोरीची), चकमकीची (गारेच्या ठिणगीची), टोपीची (आघाताने पेटणाऱ्या छोट्या टोपीची) या तिन्ही ठासणीच्याच, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या. फरक बार पेटवण्यात आहे. मॅचलॉक म्हणजे तोड्याची. नळीत दारू, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी, ती गजाने ठासायची. कानात, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकापाशी, बारीक रंजक (पेटवणीची दारू) टाकून झाकण लावायचं. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला सुताचा तोडा पेटवून चिमट्यात धरायचा, फुंकर मारून निखारा फुलवायचा, झाकण सारायचं, चाप दाबायचा. कानाचं भोक काजळीने बुजलं की नुसती रंजक उडते, बार आतच. पावसात तोडा विझतो. रात्री दबा धरला तर निखारा आणि वास ठिकाण सांगतात.

रानवाट:
तरी ती गावोगाव टिकली, कारण बिघडली तर गावचा लोहार दुरुस्त करी. टोपीच्या बंदुकीला टोप्या बाजारातूनच आणाव्या लागत. 1878 च्या शस्त्रकायद्याने दारूगोळाही परवान्यात आणला.

अक्षर:
तोडा म्हणजे पायातला दागिनाही. वाचक गोंधळेल. तोड्यालाच दुसरा शब्द 'जामगी', तो लिहा, नाहीतर बंदुकीला सरळ संस्कृत 'भुशुंडी'.

दख्खनी:
भुशुंडीने काय साधलं? तोडा, चकमक की टोपी, ते कळतच नाही. आणि भाषाशुद्धीच हवी तर 'बंदूक' अरबीतून आलीय, 'तोफ' तुर्कीतून. त्या कुठे टाकणार?

बोरू:
बरं, तोड्याची. पण त्याच मजकुरात वाड्यावरचे हत्यारबंद लोक आहेत. त्यांना शिबंदी म्हणू?

रानवाट:
पगारी असतील तरच. वसुलीला आणि ठाण्यांवर ठेवलेले प्यादे ती शिबंदी. मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडर जमातीच्या लोकांना शिबंदी म्हणू नका. हत्यार ही त्यांची घरची वस्तू होती, म्हणून तर 1857 च्या नोव्हेंबरात ते हत्यारं द्यायला तयार होईनात आणि गावावर फौज आली.

अक्षर:
शिबंदी म्हणजे शीव राखणारे. शीव-बंदी. उघड आहे.

दख्खनी:
नाही हो. जुन्या कागदांत 'सिबंदी' आहे, फारसीत 'सेहबंदी'. सेह म्हणजे तीन, तिमाही पगारावरचे लोक.

अक्षर:
आमच्या भागात शिवेवरच्या राखणदारालाच शिबंदी म्हणतात. लोक बोलतात ते खोटं, आणि कागदातलं तेवढं खरं?

रानवाट:
लोकांचा अर्थ आजचा. मजकूर 1858 चा आहे, त्यात तेव्हाचा अर्थ लागतो.