सिझेरियननंतर व्यायामाची सुरुवात कशी करावी?

प्रश्न: सिझेरियननंतरचा चौथा महिना सुरू असून डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला परवानगी दिली आहे, मात्र पोट अजून सैल आहे आणि सासूबाईंचा डिंकाच्या लाडवांचा आग्रह थांबत नाही. काय करावे?

उत्तर १: पोटाचे मधले स्नायू विलग झाले आहेत का, हे आधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे, कारण तसे असताना घाईने सिट-अप्स सुरू केल्यास पोटाचा फुगवटा वाढू शकतो. तोवर चालणे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम करावा.

उत्तर २: पहिल्या ६ महिन्यांत स्तनपान करणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, असे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, म्हणून उपाशी राहू नका. लाडू एकच खा. (सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेले बरे.)